पहिली आवृत्ती, सही आणि मुखपृष्ठ: जुनी मराठी पुस्तकं जमवतानाच्या नोंदी

८ जानेवारी २०२३, रविवार

वही आजपासून सुरू. १९४० ते १९८० या काळातली तीस मराठी पुस्तकं पहिल्या आवृत्तीत जमवायची, जमलं तर लेखकाच्या सहीची. मुदत पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत, खर्च पंधरा हजारांच्या आत.

कारणही लिहून ठेवते. जी. ए. कुलकर्णींचं ‘निळासावळा’ मी नववीत असताना गावच्या वाचनालयातून आणून वाचलं. तपकिरी पुठ्ठा, पाठीला कापडी पट्टी, तिच्यावर पांढऱ्या रंगात दाखल क्रमांक. तिथली सगळीच पुस्तकं तशी होती. बायंडिंग करताना मुखपृष्ठं काढून टाकलेली. या पुस्तकांना चेहरा होता, कुणी तरी चित्रकाराने तो विचार करून काढला होता, हे पुण्यात आल्यावर कळलं. ही पुस्तकं पहिल्यांदा वाचकाच्या हातात पडली तेव्हा कशी दिसत होती, ते मला बघायचंय.

यादी करायला दोन रविवार लागले. काही नावं: मर्ढेकरांचं ‘काही कविता’ (१९४७), ‘बहिणाबाईंची गाणी’ (१९५२), ‘बनगरवाडी’ (१९५५), ‘निळासावळा’ (१९५९), ‘ययाति’ (१९५९), ‘पारवा’ (१९६०), ‘कोसला’ (१९६३), ‘काजळमाया’ (१९७२), ‘अरुण कोलटकरच्या कविता’ (१९७७), ‘बलुतं’ (१९७८). वहीत प्रत्येक पुस्तकापुढे चार रकाने आखलेत: आवृत्ती, मुखपृष्ठ, सही, किंमत. बहिणाबाईंच्या सहीच्या रकान्यात आत्ताच आडवी रेघ मारली. त्यांना लिहिता येत नव्हतं आणि पुस्तक निघालं ते त्या गेल्यानंतर. त्यांच्या मुलाच्या, सोपानदेवांच्या सहीची प्रत मिळाली तर मात्र ती मी मानाने ठेवीन.

२२ जानेवारी, रविवार

पुण्यातल्या जुन्या बाजारात पहिली फेरी. बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. सकाळी साडेआठला पोचले. लोखंडी सामान, जुनी घड्याळं, पितळी भांडी यांच्यामध्ये पुस्तकवाले तीन-चारच. एकाने ताडपत्रीवर ढीग ओतला होता. मी भराभर सात पुस्तकं उचलली. “सगळी घेताय तर ताई, पाचशेवीस द्या.” दिले.

घरी येऊन तपशिलाची पानं, म्हणजे आवृत्ती, साल, प्रकाशक छापलेली, उघडली. सातातली दोनच पहिल्या आवृत्तीची. बाकीची चौथी, सातवी, एक चक्क अकरावी. बाजारात मी मुखपृष्ठं बघितली, आतलं एकही पान उलटलं नाही. आजची चूक एवढीच, पण साडेतीनशेच्या वर पैसे तिच्यात गेले. उद्यापासून पिशवीत भिंग, शिसपेन्सिल आणि यादीची छोटी प्रत. पुस्तक हातात घेतलं की आधी तपशिलाचं पान, मग चित्र.

१२ फेब्रुवारी, रविवार

तीन आठवडे काहीच विकत घेतलं नाही. घरातल्या आणि मैत्रिणीकडच्या शंभरेक जुन्या पुस्तकांवर सराव केला. पुष्कळ पुस्तकांत तपशिलाचं पान फाटलेलं असतं किंवा त्यावर नुसतं ‘मूल्य’ आणि मुद्रकाचं नाव असतं. अशा वेळी काय बघायचं ते हळूहळू हाताला कळायला लागलं. हे काम दुसरं कुणी करणार असेल तर त्याचे माझ्यासारखे तीन आठवडे जाऊ नयेत, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट किंमत. रुपये आणि आणे छापले असतील तर ती छपाई बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. मात्र किमतीवर चिकटवलेल्या कागदाकडे बघून काही ठरवू नये. शिल्लक प्रतींवर नवीन किमतीच्या चिठ्ठ्या लावायची पद्धत होती. मी एक प्रत केवळ चिठ्ठीवर पंचवीस रुपये बघून बाजूला टाकली होती. चिठ्ठी उचकटल्यावर खाली साडेतीन रुपये निघाले.

दुसरी गोष्ट पत्ता. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. प्रकाशकाच्या पत्त्यात ‘मुंबई ४’ असेल तर पुस्तक बहुधा त्याच्या आधीचं, ‘मुंबई ४०० ००४’ असेल तर नक्की नंतरचं. एवढ्या एका ओळीवर मी आठ पुस्तकं वेगळी काढू शकले.

तिसरी गोष्ट शुद्धलेखन. साहित्य महामंडळाचे नवे नियम १९६२ साली आले. त्याआधीच्या छपाईत ‘नाहीं’, ‘तें’, ‘करूं’, ‘कांहीं’ असे अनुस्वार सापडतात. हा पुरावा मात्र पक्का नाही. अनुस्वार नसले तर पुस्तक नंतरचं असण्याची शक्यता वाढते, पण काही लेखकांनी अनुस्वार आधीच सोडले होते आणि काहींनी नंतरही अनुस्वार जपले.

चौथी गोष्ट मलपृष्ठ आणि शेवटची पानं. तिथे त्याच लेखकाच्या किंवा प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची जाहिरात असते. ‘पारवा’च्या प्रतीमागे ‘काजळमाया’चं नाव असेल तर ती प्रत १९६० ची असूच शकत नाही, पुढच्या पानावर काहीही लिहिलेलं असो.

शके वाचताना माझी चूक झाली. एका कवितासंग्रहावर ‘माघ शके १८९३’ होतं. मी ७८ मिळवून १९७१ लिहिलं. पण माघ येतो जानेवारी-फेब्रुवारीत, तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. म्हणजे १९७२. डिसेंबरपर्यंतच्या महिन्यांना ७८, आणि जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९.

शिवाय बोट. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून छापलेल्या पानावरून बोट फिरवलं की अक्षरं किंचित लागतात, ऑफसेटचं पान गुळगुळीत. जुन्या छपाईचा फोटो घेऊन काढलेलं ऑफसेट पुनर्मुद्रण डोळ्यांना अगदी जुन्यासारखं दिसतं, ते बोटालाच कळतं.

१९५० पर्यंतच्या पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूचि’ आहे. पहिला भाग १८०० ते १९३७ चा, दुसरा १९३८ ते १९५० चा. एका माणसाने हे काम केलं यावर ते खंड समोर असतानाही विश्वास बसत नाही. ग्रंथालयात बसून माझ्या यादीतली १९५० पर्यंतची चार पुस्तकं त्यात तपासली, त्यातल्या एकाचं साल माझ्या वहीत चुकलं होतं.

२७ फेब्रुवारी, सोमवार

आज कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. मुद्दाम आजच त्यांच्या ‘विशाखा’ या कवितासंग्रहाची ‘पहिली आवृत्ती’ घरी येईल असं बघून मागवली होती. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे १,४०० रुपयांना, टपालखर्च ९० वेगळा. जाहिरातीत फक्त मुखपृष्ठाचा फोटो होता. मी आतल्या पानाचा फोटो मागितला तेव्हा “पुस्तक दुसऱ्या गोदामात आहे” असं उत्तर आलं, आणि तरीही मी पैसे पाठवले.

‘विशाखा’ पहिल्यांदा १९४२ साली वि. स. खांडेकरांनी स्वखर्चाने प्रकाशित केली. मराठीतल्या लेखकाने दुसऱ्या, वयाने लहान कवीसाठी केलेली इतकी मोठी गोष्ट मला दुसरी आठवत नाही, म्हणूनच ते पान हातात धरायची इच्छा होती. आलेल्या प्रतीची किंमत नव्या पैशांत. म्हणजे १९५७ नंतरची. तपशिलाचं पान कापून काढलेलं, धार स्वच्छ, ब्लेडची. विक्रेता परत घ्यायला तयार नाही.

नवा नियम: आतल्या पानाचा फोटो आल्याशिवाय पैसे नाहीत. कितीही दुर्मिळ म्हणोत.

२६ मार्च, रविवार

महिन्यातली सगळ्यात महाग चूक. लेखकाच्या सहीची प्रत म्हणून एक कथासंग्रह २,२०० रुपयांना घेतला. सही अर्पणपत्रिकेच्या आधीच्या पानावर, काळ्या शाईत. कागदाच्या मागच्या बाजूने बोट फिरवलं, दाब लागला. पेनने जोर देऊन लिहिलंय असं समजून घेतला.

आज मैत्रिणीच्या घरी त्याच आवृत्तीची दुसरी प्रत बघितली. त्याच पानावर, त्याच ठिकाणी, तीच सही. पट्टीने मोजली. दोन्हीकडे कागदाच्या डाव्या कडेपासून अंतर सारखं, शेवटच्या अक्षराचा फराटाही सारखा. सहीचा ठसा करून छापलेला होता.

दाब का लागला ते भिंगाखाली समजलं. ठसाही खिळ्यांसारखाच कागदावर दाबला जातो, त्यामुळे मागून हाताला लागतोच. फरक शाईत दिसतो. ठशाची शाई रेषेच्या दोन्ही कडांना दाट जमते आणि मध्ये फिकी पडते, आणि सगळीकडे सारख्या काळेपणाची असते. फाउंटन पेनची शाई रेषा वळते तिथे साचते, तंतूंमध्ये थोडी पसरते, दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे गडद होते. बॉलपेन कागदात चर पाडतं आणि चराच्या तळाशी शाई तुटक असते. हे सगळं मला दहा रुपयांच्या जुन्या वहीवर तीन पेनं चालवून दोन हजार रुपये जाण्याआधी शिकता आलं असतं.

१६ एप्रिल, रविवार

मुंबई. पहाटेची गाडी, गाडी आणि लोकल मिळून जाऊनयेऊन ६४० रुपये. हुतात्मा चौकाजवळचे फूटपाथवरचे विक्रेते रविवारी निम्मे बंद. हे आधी विचारायला हवं होतं. जे होते त्यांच्याकडे इंग्रजीचा भरणा, मराठी मागितलं की खालच्या खोक्यातून दहाबारा पुस्तकं वर येतात. मग माटुंग्याला, किंग्ज सर्कलला.

तिथे दुपारी दोनच्या उन्हात ‘बलुतं’ मिळालं, ग्रंथालीची १९७८ ची आवृत्ती. पाठ उसवलेली, मुखपृष्ठ मात्र शाबूत. विक्रेत्याने साठ सांगितले. मी काही न बोलता साठ दिले. दलित आत्मकथनांचा मोठा ओघ मराठीत ज्या पुस्तकानंतर आला ते हे पुस्तक, आणि त्याच्या पहिल्या आवृत्तीची प्रत अभ्यासाच्या गाइडांखाली दबलेली होती. आणखी चार पुस्तकं घेतली, त्यातलं एक यादीतलं. एकूण १,१५०.

‘कोसला’ही दिसलं. विक्रेता पहिली आवृत्ती म्हणाला. प्रकाशक पॉप्युलर. पहिली आवृत्ती पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने १९६३ मध्ये काढली होती, पॉप्युलरकडे पुस्तक नंतर गेलं. पान उलटायचीही गरज पडली नाही. फेब्रुवारीतले तीन आठवडे आज वसूल झाले.

२१ मे, रविवार

वाईजवळच्या एका गावातून फोन आला होता. निवृत्त शिक्षकांचं घर, ते जाऊन चार वर्षं झालेली, वाड्याची दुरुस्ती निघालेली आणि माळ्यावर पुस्तकांची पोती. रद्दीवाला किलोला बारा द्यायला तयार होता. मी पंचवीस म्हणाले. काकूंनी तराजू शेजारच्या दुकानातून आणवला. ६८ किलो, १,७०० रुपये. टेम्पोचे १,९०० वेगळे. पुस्तकांपेक्षा भाडं जास्त झालं, पण एसटीत हे चढलं नसतं.

रात्री अकरापर्यंत निवड केली. एका पोत्याला खालून वाळवी लागलेली, ते अख्खं गेलं. उरलेल्यांत यादीतली सहा पुस्तकं. सहा! सरांनी प्रत्येक पुस्तकावर घेतल्याची तारीख आणि गाव लिहिलंय: सांगली, कराड, पुणे, कोल्हापूर. मुखपृष्ठांना वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली होती, त्यामुळे खालचे रंग काल छापल्यासारखे. कव्हरांच्या वर्तमानपत्रांवरही तारखा आहेत, त्या फेकल्या नाहीत.

एका पुस्तकात लेखकाची सही. नुसती सही नाही, सरांच्या नावाने ‘सप्रेम भेट’, खाली दोन ओळी त्यांच्या शाळेतल्या कार्यक्रमाबद्दल. आत घडी घातलेलं पोस्टकार्ड, त्याच हस्ताक्षरातलं. लेखकाचं नाव इथे लिहीत नाही, त्यावरून घर ओळखू येईल.

२४ मे, बुधवार

तीन दिवस त्या पुस्तकाकडे बघत होते. विकणाऱ्याला माहीत नव्हतं, मी किलोच्या भावाने घेतलं, व्यवहार पुरा झाला, असं म्हणता आलं असतं. म्हणवेना. काकूंना फोन करून पानाचा फोटो पाठवला. थोड्या वेळाने त्यांच्या मुलाचा फोन आला. “हे बाबांनी आम्हाला वाचून दाखवलं होतं. आम्हाला वाटलं हरवलं.” पुस्तक आणि पोस्टकार्ड आज परत दिलं. त्यांनी पैसे देऊ केले, घेतले नाहीत. पानाचा चांगला फोटो काढून वहीत ठेवायची परवानगी मात्र मागितली आणि मिळाली.

सहीच्या रकान्यात आज काही भरलं नाही. घाऊक खरेदी करणाऱ्यांनी एवढं करावं असं मला मनापासून वाटतं: घेण्याआधी घरच्या माणसांना समोर बसवून प्रत्येक पुस्तकाची पहिली दोन पानं उलटून दाखवावीत. अर्धा तास जातो.

९ जुलै, रविवार

वाईची पुस्तकं मी उत्तरेकडच्या भिंतीला लागून जमिनीवर खोक्यांत ठेवली होती. भिंतीला ओल आली. खालच्या थरातल्या नऊ पुस्तकांवर पांढरी-हिरवी बुरशी, त्यातलं एक यादीतलं.

घाबरून ओल्या फडक्याने पुसलं. बुरशी कागदात आणखी चोळली गेली आणि पुठ्ठ्याचा रंग फडक्याला आला. मग उन्हात ठेवलं, तर पुठ्ठे वाकले. दोन्ही चुका एका सकाळी झाल्या. दुपारी एका ग्रंथालयात जतनाचं काम केलेल्या बाईंना विचारलं. त्यांनी सांगितलेला क्रम असा: आधी सावलीत पंख्याखाली पूर्ण कोरडं करायचं, पानांमध्ये कोरे टीपकागद घालून ते बदलत राहायचं. बुरशी सुकून पावडर झाली की नाकातोंडाला मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने झटकायची. पाणी लावायचं नाही.

आठ वाचली. यादीतलं मात्र गेलं, पानं एकमेकांना चिकटून लगदा झाला. सरांच्या अक्षरातली तारीख असलेलं पान सोडवून ठेवलं. प्लास्टिकचे झाकणाचे डबे, सिलिका जेल आणि आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळून १,१८० रुपये. खोक्यांना आता विटांवर फळी आणि भिंतीपासून वीतभर अंतर. हे मे महिन्यातच करायचं होतं.

१३ ऑगस्ट, रविवार

कसर. दोन पुस्तकांच्या पाठीत खळ खाऊन केलेल्या वाटा दिसल्या. डांबरगोळ्या मी वापरत नाही, माझ्या घरात लहान मूल आहे. वेखंडाचे तुकडे डब्यांत ठेवलेत, आजीच्या पोथ्यांच्या फडक्यात ते असायचे.

कसरीसाठी फ्रीझर. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत, हवा काढून, तोंड घट्ट बंद, उणे अठरा अंशांवर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण दिवसभर उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर पाणी धरतं. पहिल्या पुस्तकाला मी तासाभरात उघडलं आणि पानांच्या कडा ओलसर झाल्या, दुसऱ्याला थांबले. फ्रीझरने किडे मरतात, बुरशी मरत नाही, फक्त झोपते. म्हणून बुरशीचं पुस्तक आत घालण्यात अर्थ नाही.

१७ सप्टेंबर, रविवार

हे लिहायला हात उचलत नाही.

पाच पुस्तकांच्या पाठी उसवल्या होत्या, ‘बलुतं’ही त्यांत. एका बायंडरकडे दिली. प्रत्येकी दीडशे, एकूण ७५०. “चांगली मजबूत करून द्या” एवढंच सांगितलं. काल आणली. पाचही पुस्तकांना एकसारखे तपकिरी पुठ्ठे, कापडी पाठ, तिन्ही बाजूंनी मशीनवर कापून सरळ केलेल्या कडा. मुखपृष्ठं नाहीत. विचारलं तर म्हणाले, “फाटकी होती, टाकली. लायब्ररीची आम्ही अशीच करतो.” कचरा शुक्रवारीच गेला होता.

त्यांचं काम सफाईचं आहे. शिलाई घट्ट, पुठ्ठा सरळ, पुस्तक आणखी पन्नास वर्षं वाचता येईल. त्यांना मी काय हवंय ते सांगितलंच नाही. चिठ्ठीवर लिहून द्यायला हवं होतं: मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि कोरी पानं जशीच्या तशी ठेवा, कडा कापू नका, जुनी पाठ काढली तर पाकिटात घालून परत द्या. माटुंग्याच्या उन्हात जे मुखपृष्ठ शाबूत हाती आलं ते माझ्या हातून गेलं, आणि गावच्या वाचनालयातल्या पुस्तकासारखं दिसणारं ‘बलुतं’ आता माझ्या कपाटात आहे. वहीत आवृत्तीच्या रकान्यात खूण, मुखपृष्ठाच्या रकान्यात रिकामी जागा.

८ ऑक्टोबर, रविवार

दुरुस्ती स्वतः शिकतेय. पातळ जपानी कागद, गव्हाच्या पिठाची गाळलेली पातळ खळ, हाडाची सळई, दोन फळ्या आणि वजनाला विटा. साहित्याचे ४२०. बायंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, मी घालत नाही, थोडी करते आणि त्याच दिवशी संपवते. पहिले चार सराव बाद पुस्तकांवर. खळ जास्त झाली की पान सुरकुततं. पाचव्याला पान सपाट बसलं. फाटलेलं पान जोडायला सेलोटेप कुणीही लावू नये. पाचसहा वर्षांत ती पिवळी पडते, गोंद कागदात उतरतो आणि तो डाग निघत नाही. वाईच्या ढिगातल्या अकरा पुस्तकांवर तो डाग आहे.

सहीबद्दलही थोडं. आता सही बघितली की आधी तारीख बघते, मग लेखकाचं आयुष्य. खांडेकरांची दृष्टी अखेरच्या वर्षांत गेली होती. पु. ल. देशपांड्यांना शेवटी पार्किन्सन्स होता. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या नावाची सही नंतरच्या छपाईवर असेल तर बोलणंच खुंटलं. गेल्या आठवड्यात खांडेकरांच्या नावाची १९७५ ची, ठळक, एका रेषेत लिहिलेली सही एकाने दाखवली. मी घेतली नाही. विकणारा खोटं बोलत होता असं मी म्हणत नाही, त्यालाही कुणी तरी तसंच सांगून दिली असेल.

१९ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी झाली. दिवाळीनंतरचा आठवडा जुन्या अंकांना चांगला, घरं आवरलेली असतात. जुन्या बाजारात ‘सत्यकथा’ मासिकाचे अंक आणि काही दिवाळी अंक मिळून चोवीस, ९६० रुपयांना. हे यादीत नाहीत, तरी घेतले. नवकथा आणि नवकविता वाचकांसमोर आधी या पानांवर आल्या, पुस्तकं नंतर निघाली. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झालं. एखादी कथा मासिकात कशी होती आणि पुस्तकात लेखकाने काय बदललं, हे शेजारी ठेवून वाचण्यात अख्खी रात्र गेली. पहिली आवृत्ती का जमवायची, असं विचारणाऱ्याला मी आता हे दोन कागद दाखवते.

कोल्हापूरचे एक संग्राहक भेटले. माझ्याकडच्या जादा प्रती आणि त्यांच्याकडच्या जादा प्रती अशी अदलाबदल ठरली. पैसे न देता यादीतली दोन पुस्तकं आली, एकावर सही. सहीखालचं पान त्यांनी मला दहा मिनिटं भिंगाखाली बघू दिलं आणि स्वतः चहा करायला आत गेले.

१४ जानेवारी २०२४, रविवार

‘निळासावळा’. १९५९. पुण्यातल्याच एका घरगुती संग्रहातून, १,८०० रुपये, आतल्या सगळ्या पानांचे फोटो आधी बघून. मुखपृष्ठाच्या खालचा कोपरा गेलाय, पाठ उन्हाने विटलीय, सही नाही. जीए धारवाडला राहायचे, लोकांत फारसे मिसळत नसत, त्यामुळे त्यांच्या सहीची आशा मी सुरुवातीपासूनच ठेवली नव्हती. पुस्तक टेबलावर उभं करून ठेवलंय आणि येताजाता बघतेय.

३ मार्च, रविवार

हिशेब. एकूण खर्च १४,७१०. त्यात पुस्तकं आणि अंक ९,७३०, उरलेले ४,९८० प्रवास, टेम्पो, टपाल, डबे, बायंडिंग आणि दुरुस्तीचं साहित्य. सरळ वाया गेलेले ४,४४०: ‘विशाखा’ टपालासकट, छापील सहीचा कथासंग्रह आणि बायंडिंग. तिसांतली अकरा पुस्तकं कपाटात आहेत, त्यातल्या ‘बलुतं’ला मुखपृष्ठ नाही. सहीच्या दोन: एक कोल्हापूरची, दुसरी जानेवारीच्या अखेरीस एका हयात कवींनी त्यांच्या घरी करून दिलेली. वाईच्या माळ्यावरचं त्यांचं पुस्तक घेऊन मी गेले होते. त्यांनी सही करण्याआधी सरांची तारीख वाचली आणि तिच्याखाली आपली लिहिली.

‘काही कविता’ अजून मिळालेलं नाही. ज्या संग्रहातल्या कवितांवर अश्लीलतेचा खटला चालला आणि मर्ढेकर निर्दोष सुटले, त्याच्या १९४७ च्या प्रती कुठल्या तरी माळ्यावर असणारच. शोध चालू आहे, मुदत एक वर्ष वाढवली.

१० मार्च, रविवार

गावी गेले होते. वाचनालयातलं ‘निळासावळा’ अजून फडताळात आहे, तोच दाखल क्रमांक, कापडी पट्टी फक्त मळलीय. तपशिलाचं पान बघितलं: तीही १९५९ चीच. माझ्या प्रतीच्या मुखपृष्ठाची मापात काढलेली रंगीत छापील प्रत सोबत नेली होती, आत चिकटवा म्हणून दिली. ग्रंथपाल म्हणाले, कार्यकारिणीच्या ठरावाशिवाय पुस्तकात काही चिकटवता येत नाही. तिथेच बसून अर्ज लिहिला. बैठक २३ तारखेला आहे. तोवर मुखपृष्ठ त्यांनी एका पाकिटात घालून, पाकिटावर दाखल क्रमांक लिहून, पुस्तकाच्या मागे उभं करून ठेवलंय.